पशुवैद्यकीय शिक्षणातील निरीक्षण कौशल्य

पशुवैद्यकीय शिक्षणातील निरीक्षण कौशल्य म्हणजे जनावराला हात लावण्यापूर्वी त्याची उभे राहण्याची ढब, चाल, श्वसन, वागणूक व भोवतालची जागा पाहून अचूक नोंद करण्याची क्षमता होय. जनावर आपली वेदना शब्दांत सांगू शकत नाही आणि अनेक प्राणी अनोळखी माणसासमोर दुखणे लपवतात. म्हणून निरीक्षण ही रोगनिदानाची पहिली पायरी मानली जाते.

मुंबईतील पार्श्वभूमी

परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ मध्ये झाली. सध्या ते नागपूरस्थित महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत आहे. उपनगरात गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत १९४९ पासून म्हशींचे तबेले आहेत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांसारख्या प्राण्यांना भूल दिल्याशिवाय हाताळता येत नाही. तेथे दुरून पाहणे हाच तपासणीचा मुख्य मार्ग ठरतो. पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते.

शिकवण्याची पद्धत

विद्यार्थ्याने प्रथम दूर उभे राहून जनावर मागून व दोन्ही बाजूंनी पाहावे, असा संकेत आहे. भीतीमुळे श्वसनाचा वेग वाढतो. म्हणून श्वास जनावर बांधण्यापूर्वीच मोजतात. त्यानंतर डाव्या भकाळीवर हात ठेवून कोठीपोटाची हालचाल तपासतात. निरोगी गाय-म्हशीत ती दोन मिनिटांत साधारण दोन ते तीन वेळा जाणवते. गव्हाणीत उरलेला चारा, शेण, कास आणि खूर यांचीही नोंद होते.

पाहिलेले आणि अनुमान यांतील भेद हा या शिक्षणाचा गाभा आहे. ‘म्हैस आजारी आहे’ हे अनुमान झाले. ‘म्हैस रवंथ करत नाही, गव्हाणीपासून दूर उभी आहे, पाठ कमानीसारखी आहे’ हे निरीक्षण होय. गवळ्याने सांगितलेली माहिती मोलाची असते, परंतु ती स्वतंत्रपणे लिहून प्रत्यक्ष निरीक्षणाशी पडताळून पाहावी लागते.

महत्त्व

म्हशींमध्ये मुका माज सर्रास आढळतो. हंबरणे, बेचैनी अशी लक्षणे सौम्य असल्याने पहाटे व रात्री लक्ष न ठेवल्यास माज हुकतो आणि पुढच्या माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तेवढ्याने गाभण राहणे लांबते व भाकड काळ वाढतो.

निरीक्षणातील चूक वैद्याच्याही जिवावर बेतू शकते. रेबीज झालेल्या जनावराची लाळ गळते, त्याला गिळता येत नाही व आवाज बदलतो. त्यामुळे घशात काहीतरी अडकल्याचा भास होतो. अशा वेळी उघड्या हाताने तोंड तपासल्यास लाळेतून विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून ‘आधी पाहणे, मग हात लावणे’ हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडला जातो.