हापूसचा लहान बागाईतदार आणि बदलतें ऋतुमान

कोंकणांतील आंब्याच्या बागाईतदाराला पूर्वीं पंचांगाची फारशी गरज भासत नसे. पाऊस सरे, जमिनीची ओल ओसरे, जून झालेल्या पालवीला थंडी लागे आणि झाड मोहरे. होळीच्या सुमारास कैऱ्या भरूं लागत व अक्षय्य तृतीयेला घरोघरीं आढीचा वास दरवळे. रत्नागिरी-देवगडच्या कातळावरील हापूसची सारी कीर्ति या क्रमावर उभी होती. हें नांव पोर्तुगीजांकडून आलें; झाड मात्र कोंकणी शेतकऱ्यानें आपलेंसें केलें.

या शेतकऱ्याला शास्त्राचें व सरकारचें साह्य मिळालें तें प्रथम झाड लावण्यापुरतें. १९५७ सालीं वेंगुर्ले येथें फळसंशोधन केंद्र निघालें. १९७२ सालीं दापोलीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. जुन्या भेटकलमांच्या मानानें कोयकलमें थोड्या खर्चांत व मोठ्या संख्येनें तयार होऊं लागलीं. पुढें १९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवड जोडली गेली आणि लहान शेतकऱ्यांच्या ओसाड वरकस जमिनींत सरकारी अनुदानानें कलमें उभीं राहिलीं. उपक्रम थोर होता, यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं एक समजूत होती: झाड आपण लावावें, उरलेलें काम ऋतु करतील.

ऋतूंनीं तो विश्वास राखला नाहीं. परतीचा पाऊस लांबला कीं ओल टिकते आणि मोहोराच्या जागीं पुन्हां पालवी फुटते. आलेल्या मोहोरावर अवकाळी सर पडली कीं करपा धरतो. थंडी लांबली तर त्याच झाडास दुसऱ्यांदा मोहोर येऊन पहिली कणी गळते. उष्मा वाढला तर फळांत साका होतो. त्यांत वादळांची भर पडली. ३ जून १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळानें रायगड व उत्तर रत्नागिरींतील बागा उन्मळून टाकल्या; पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत 'तौक्ते'नें तयार फळ जमिनीवर आणलें. पीक बुडालें तर एक वर्ष जातें. जुनें कलम पडलें तर एक पिढीची कमाई जाते.

साह्याचे नवे मार्ग निघाले आहेत, पण ते लहान माणसाच्या दारापर्यंत पोंचतांना अडखळतात. हवामानावर आधारलेल्या विम्यांत मंडळांतील केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते; पण खाडीकांठची वाडी आणि वरचा सडा यांचें हवामान एक नसतें. फवारण्या वाढल्या, तसा खर्चहि वाढला. तो झेपेना म्हणून पुष्कळजण मोहोरापूर्वींच बाग खंडानें देतात. खंडकऱ्याची दृष्टि आपल्या मुदतीपुरती; तो कल्टारची मात्रा वाढवून पीक काढतो आणि थकलेलें झाड मालकाच्या पदरीं येतें.

म्हणून साह्याची दिशा बदलली पाहिजे. उंच जुन्या कलमांची शास्त्रोक्त छाटणी करून तीं आटोक्यांत आणावींत, म्हणजे फवारणी व काढणी सोपी होईल. झाडाखालीं गवताचें आच्छादन घालावें. त्यानें साक्याला आळा बसतो. बागेच्या कडेला वारा अडविणारीं झाडें असावींत. नीलम व हापूस यांच्या संकरांतून १९८१ सालीं निघालेल्या 'रत्ना'सारख्या, साका न होणाऱ्या जातीलाहि बागेंत थोडी जागा द्यावी. एकाच जातीवर सारा संसार टांगूं नये. हवामान केंद्रें गांवाच्या जवळ यावींत, आणि छाटणी-फवारणीचीं साधनें दहापांच शेतकऱ्यांनीं मिळून घ्यावींत.

१९९० सालीं सरकारनें शेतकऱ्याच्या हातीं कलम दिलें. तें कलम राखण्याचें बळ त्याच हातांत देणें, हें त्या कार्याचें उरलेलें अर्धें अंग आहे.