‘नाइस’चे पूर्वचरित्र

‘नाइस’ हा इंग्रजीतील बहुधा सर्वांत निरुपद्रवी शब्द. हवा नाइस, चहा नाइस, माणूसही नाइस. विशेष काही सांगायचे नसले की हा शब्द मदतीला येतो. त्याचे पूर्वचरित्र मात्र इतके सोज्ज्वळ नाही.

मूळ लॅटिन ‘नेस्किउस’, म्हणजे अज्ञ. ‘सायन्स’ हा शब्द ज्या ‘जाणणे’ अर्थाच्या धातूपासून आला, त्याचेच हे नकारी रूप. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘मूर्ख’. पुढे नखरेल, चोखंदळ, नाजूक, सूक्ष्म असे अर्थ त्याला चिकटत गेले. ‘सुखद’ हा अर्थ १८ व्या शतकात रुळला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील फ्रायर लॉरेन्स न पोचलेल्या पत्राविषयी हा शब्द काढतो तो ‘क्षुल्लक’ या अर्थाने. तिथे ‘छान’ हा अर्थ लावला की त्या वाक्यातली सारी चिंता हरवते.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त (१८१७ च्या डिसेंबरात, तिच्या निधनानंतर प्रकाशित) कॅथरीन एका कादंबरीला ‘नाइसेस्ट’ म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला छेडतो. पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, सुकुमारता यांपुरताच असावा, असे तो म्हणतो. वर्गात हा उतारा बहुधा हेन्रीच्या बाजूने शिकवला जातो. पण हेन्री चुकतो आहे! तो ज्याला आरंभ समजतो तो मधला मुक्काम आहे; खरा आरंभ मूर्खपणाचा. त्याची बहीण एलिनोर लगेच तोच शब्द ‘अतिचिकित्सक’ या जुन्या अर्थाने त्याच्यावरच उलटवते. ही गंमत ऑस्टिनने जाणूनबुजून साधली असावी, असे मला वाटते.

आपल्याकडेही ‘मूळ अर्थ’ सांगून दुसऱ्याची मराठी सुधारणारे हेन्री पुष्कळ आहेत. त्यांनी ‘साहस’ या शब्दाचे काय करावे? धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीने केलेला अपराध. मनुस्मृतीत प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस ही दंडाची नावे आहेत, अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० पणांची. आता पालक मुलांना हौसेने साहस शिबिरांना पाठवतात, आणि वर शुल्कही भरतात.