उधारीवरचे ताट : गिरणगावातील खाणावळवाल्या

दळून देण्याचा मोबदला म्हणजे दळणावळ, धुण्याची मजुरी म्हणजे धुणावळ. ‘खाणावळ’ हा शब्दही त्याच घडणीचा असून तो आधी जेवणापोटी द्यावयाचे पैसे सुचवतो आणि मग ते पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या जागेलाही लागू होतो. शब्दाच्या प्रत्ययातच व्यवहार असा ठाण मांडून बसलेला असताना मुंबईच्या औद्योगिक इतिहासाने मात्र खाणावळ चालवणाऱ्या स्त्रीची गणना बहुधा घरकामातच केली. गिरणीमालक, जॉबर म्हणजे कामगारांची भरती करणारा मुकादम, आणि संघटनेचे पुढारी यांच्यावर बरेच लिहिले गेले. ज्या स्त्रीच्या उधारीवर कामगार महिना काढत असे तिचा उल्लेख मात्र ओझरता येतो. ती केवळ स्वयंपाकीण नव्हती. कापडगिरण्यांच्या अर्थव्यवस्थेतील ती एक धनको, म्हणजे कर्ज देणारी, होती आणि तिच्या धंद्याचा विचार याच अंगाने करणे युक्त ठरते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची जी दाटी झाली तिला पुढे गिरणगाव हे नाव पडले. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरच्या साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतून आले, पण येणारा पुरुष एकटा येई; बायको, मुले, आईवडील आणि असलाच तर जमिनीचा तुकडा गावीच राही. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर १००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ५५० पेक्षाही कमी होती. एकाच गावच्या दहापंधरा पुरुषांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, पाळ्या वेगवेगळ्या असल्याने आळीपाळीने तिच्यात झोपायचे, ट्रंक आणि वळकटी भिंतीकडेला ठेवायची, अशी रीत पडली. झोपण्याची सोय अशी लागली तरी जेवणाचा प्रश्न उरलाच, आणि तो ज्या थोड्या कुटुंबांचा संसार मुंबईत होता त्यांतील स्त्रियांनी सोडवला.

हा धंदा कोणत्या जागेत चाले हे पाहिल्याशिवाय त्याचे स्वरूप लक्षात येत नाही. सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे, आणि खाजगी चाळींत तेवढीही जागा मिळेलच असे नव्हते. त्यातच मोरी, चूल किंवा कोळशाची शेगडी, पुढे रॉकेलचा स्टोव्ह, पिठाचे डबे, पाण्याचे पिंप आणि घरची माणसे. उरलेल्या जागेत मेंबरांची पंगत बसे. मेंबर हा इंग्रजी शब्द खाणावळीत महिन्याच्या बोलीने जेवणाऱ्याला रुळला होता, आणि हा मेंबर खाणावळवालीला मावशी, काकू किंवा वहिनी म्हणे. परक्या पुरुषांना घरात जेवू घालणाऱ्या बाईकडे शेजारपाजार संशयाने पाहू शकतो, त्यावर नात्याच्या संबोधनाचे हे कुंपण उपयोगी पडे. शिवाय मेंबर बहुधा तिच्याच गावचे, जातीचे वा पंचक्रोशीतले असत, त्यामुळे चवीचा मेळ बसे आणि पैसे बुडवून पळणाऱ्याचा ठावठिकाणाही गावाकडून लागे. कोकणातल्याला भात आणि मासळीचे कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास. तीन पाळ्या सुरू झाल्यावर सकाळी सातच्या पाळीचा डबा भरण्यासाठी पहाटे चारच्या आधी उठायचे, दुपारी साडेतीनला सुटणाऱ्याचे ताट तयार ठेवायचे आणि मध्यरात्री दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्यासाठी झाकून ठेवायचे, असा तिचा दिवस गिरणीच्या भोंग्याला बांधलेला असे. भोंग्यावर कामगाराची एक पाळी संपे, हिच्या मात्र तिन्ही पाळ्या.

धंद्याचे खरे मर्म मात्र भांडवलात होते. गिरणीचा पगार महिन्याचा आणि तोही पुढील महिन्यात उशिरा मिळे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने या विलंबाला लगाम घातला तेव्हाही हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना महिना संपल्यानंतर दहा दिवसांची मुभा ठेवली. म्हणजे एक तारखेला जेवू लागलेला मेंबर सुमारे चाळीस दिवसांनी पहिला पैसा देणार. पंधरा मेंबर धरले आणि दोन वेळचे जेवण धरले, तर हिशेब सरळ आहे : हातात काही पडण्यापूर्वी बाराशे ताटे उधारीवर वाढली जात. या बाराशे ताटांचे धान्य, तेल, सरपण, मसाला ती वाण्याकडून उधारीने उचले, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे. वाण्याने हात आखडला की सावकार, आणि सावकाराच्या पाठोपाठ गळ्यातले मणी व घरातली तांब्यापितळेची भांडी गहाण, हा क्रम ठरलेला असे. गिरणीमालकाने कामगाराचा पगार थकवून स्वतःकडे बिनव्याजी ठेवलेल्या रकमेचे व्याज, शेवटी पाहता, ही बाई भरत होती. तिच्या श्रमाचा मोबदला तर हिशेबात धरलाच जात नसे. नफा म्हणून जे उरे ते बहुतेक वेळा घरच्या माणसांचे दोन वेळचे जेवण आणि खोलीचे भाडे एवढेच.

या धंद्याकडे स्त्रिया का वळल्या याचे एक उत्तर गिरणीच्या आतच सापडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रिया साधारण पंचमांश होत्या आणि त्या मुख्यतः वाइंडिंग व रीळ खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामांवर, नाईकिणीच्या, म्हणजे स्त्री मुकादमाच्या, हाताखाली काम करीत. पुढे कमी माणसांत अधिक यंत्रे चालवण्याची योजना आली, स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती, आणि १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यानंतर त्यांना कामावर ठेवणे मालकांना खर्चाचे वाटू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत हे प्रमाण फारच घसरले. गिरणीतून बाहेर पडलेल्या, नवऱ्याची नोकरी वा प्रकृती गेलेल्या, विधवा किंवा टाकलेल्या स्त्रीजवळ विकण्याजोगे कौशल्य म्हणून जे होते ते रांधण्याचेच होते. याला उद्योजकतेची हौस म्हणणे ढोंगीपणाचे ठरेल. पण निरुपायाने धरलेला धंदाही धंदाच असतो, आणि भाव ठरवणे, मेंबर पारखणे, बुडीत उधारी सोसणे ही सर्व कामे ती लेखी वहीशिवाय, बहुधा भिंतीवरच्या खुणांनी आणि आठवणीने करीत होती.

संपाच्या काळात तिची उधारी राजकीय महत्त्वाची ठरे. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला संप असो की १९७३-७४ चा लांबलेला संप असो, पगार बंद झालेला एकटा कामगार शहरात टिकून राहायचा तर कोणीतरी त्याला जेवू घालणे भाग होते. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेऊन मुंबईत आलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या नजरेत हीच गोष्ट भरली, की संप लढवणाऱ्यांच्या यादीत या बायका नाहीत, पण त्यांचे दागिने मात्र संपापायी सावकाराकडे गेले आहेत. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून गरिबांना ४ टक्के दराने कर्ज देण्याची विभेदी व्याजदर योजना कागदावर होती. तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या खाणावळवालीपर्यंत ती पोचवण्याचे काम मंडळाने केले. सुरुवातीच्या १४ स्त्रियांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपयांचे कर्ज मिळाले. तारणाच्या जागी गट आला : बायका एकमेकींना जामीन राहिल्या. ही रक्कम वाण्याची थकबाकी मिटवून रोखीने धान्य भरण्यापुरती होती, पण तेवढ्यानेच भावातला फरक तिच्या पदरात पडू लागला.

अहमदाबादची ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना १९७२ ची, तिची बँक १९७४ ची. त्यामुळे अन्नपूर्णा ही एकाकी घटना नव्हती. तिचे वेगळेपण असे, की येथे नवा व्यवसाय शिकवावा लागला नाही, शतकभर चालत आलेल्या धंद्याला फक्त त्याचे भांडवल मिळाले. मुंबईत डबा पोचवणारा पुरुष व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात नावाजला गेला, हे योग्यच झाले. डबा भरणारीच्या वाट्याला ते कौतुक फारसे आले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. कामगार गावी परतले, मेंबरांची उधारी बुडाली आणि जुन्या अर्थाने खाणावळ संपली. ज्यांना जमले त्यांनी कचेऱ्यांचे डबे, पोळीभाजी केंद्रे आणि लग्नकार्यातली स्वयंपाकाची कामे धरली. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत नोकरीस असल्याचा पुरावा हा पात्रतेचा निकष झाला. कामगाराची बायको वा वारस म्हणून एखादीला त्या यादीत जागा मिळाली असेल, परंतु खाणावळवाली म्हणून ती कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर कधीच नव्हती.