दावे आणि दावा

आमच्या घरी हल्ली क्रिकेटच्या सामन्यांइतक्याच हौसेने क्रिकेटपटूंचा लिलाव पाहिला जातो. २००८ साली मुंबईत असा पहिला लिलाव झाला, तेव्हा मी जरा दचकलो होतो. आता डोळे सरावले आहेत. एकदा असाच लिलाव रंगात आला असता शेजारी बसलेल्या नातीने विचारले, "आजोबा, कुठं जायचंय ते यांना कोणी विचारतं का हो?"

"लिलावासाठी नाव तेच देतात," एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. हाच प्रश्न एका खेळाडूने आपल्या धन्यांना विचारला होता, आणि त्यापायी आपला सारा खेळ गमावला होता. ती हकीकत अमेरिकेतली, बेसबॉलमधली.

बेसबॉल म्हणजे अमेरिकनांचे क्रिकेटच म्हणा ना! ऑक्टोबरात अजिंक्यपदाचे सामने आटोपतात आणि मैदाने ओस पडतात. फेब्रुवारीत सारे संघ फ्लॉरिडा-ॲरिझोनाच्या उबदार हवेत वसंतातल्या सरावासाठी गोळा होतात. मधले चार महिने चेंडू हलत नाही. हलतात ती माणसे. कोणता संघ कोणाला देणार, बदल्यात कोणाला घेणार, याच्या गप्पा थंडीत शेगडीभोवती बसून मारायची तिकडे जुनी चाल आहे. त्या गप्पांना 'हॉट स्टोव्ह लीग', म्हणजे शेगडीची साखळी स्पर्धा, असे नावच पडले आहे. शेगडीभोवती बसणाऱ्यांची यात मोठी करमणूक होते. ज्याची अदलाबदल होते त्याची काय अवस्था होते, हे सहसा कोणी पाहत नाही.

७ ऑक्टोबर १९६९ च्या पहाटे सेंट लुई शहरी कर्ट फ्लड याच्या घरचा फोन वाजला. फ्लड बारा वर्षे कार्डिनल्स संघाकडून खेळत होता. मैदानाच्या मधल्या भागाचा तो रखवालदार. उंच उडालेला चेंडू त्याच्या टप्प्यात आला की प्रेक्षक निर्धास्त होत. १९६६ च्या सबंध हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती. क्षेत्ररक्षणाचे 'गोल्ड ग्लव्ह' पारितोषिक त्याला ओळीने सात वर्षे मिळाले, आणि १९६४ व १९६७ साली संघ अजिंक्य ठरला त्यात त्याचा मोठा वाटा होता. फोनवर मालक नव्हते; कचेरीतला कोणी मधला माणूस होता. निरोप एवढाच, की तुम्हांला आणि आणखी तिघांना फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाला दिले असून बदल्यात डिक ॲलन आणि दोघे घेतले आहेत. ॲलनला फिलाडेल्फिया सोडायचेच होते, त्याला आनंद झाला. फ्लडला मात्र कोणी विचारलेच नव्हते.

वाचक म्हणतील, यात नवल ते काय? बदल्या आमच्याही झाल्या. मी स्वतः नोकरीत चार वेळा बिऱ्हाड हलवले. तुळशीचे वृंदावन मागे ठेवून रडणारी पत्नी मला अजून आठवते. पण मला एक वाट मोकळी होती. राजीनामा देऊन दुसऱ्या कचेरीत मी टेबल मिळवू शकलो असतो. फ्लडला ती वाट नव्हती. फिलाडेल्फियाला जा, नाहीतर बेसबॉल सोडा. तिसरा संघ त्याला घेऊच शकत नव्हता.

याचे मूळ १८७९ सालात. त्या वर्षी संघमालकांनी आपापसात ठरवले, की प्रत्येकाने पाच खेळाडू राखून ठेवावेत व इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे हे राखीव कलम प्रत्येक खेळाडूच्या करारात आले. करार वर्षाचा, पण खेळाडूने नव्याने सही केली नाही तर मालकाने तो आणखी एक वर्ष वाढवावा, असे त्यात लिहिलेले. मालक त्याचा अर्थ लावीत, की दरवर्षी आणखी एक वर्ष, असे जन्मभर! गोठ्यातल्या बैलाला एका दाव्यातून सोडून दुसऱ्या दाव्याला बांधावे, तसा हा कारभार. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे असे ठरवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याला सूट दिली होती, आणि १९५३ साली ती कायम केली होती.

फ्लड कृष्णवर्णी. उमेदवारीच्या काळात दक्षिणेकडच्या लहान संघांतून खेळताना सोबतचे गोरे खेळाडू खाणावळीत जेवत, आणि याला ताट मिळे ते मागच्या दाराने. मालकीचा वास त्याला लवकर येत असे. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. बारा वर्षांच्या सेवेनंतर माझ्या इच्छेला न विचारता विकावी अशी मी मालमत्ता नाही, असा त्याचा आशय होता. आयुक्तांनी उत्तर दिले, की माणूस मालमत्ता नसतो हे मान्य. पण त्याचा येथे संबंध दिसत नाही!

फ्लडचा पगार वर्षाला ९०,००० डॉलर होता. त्या वेळच्या साडेसात रुपये दराने पावणेसात लाख रुपये. एवढ्या पगाराचा गुलाम कुठे असतो का, असे दूरचित्रवाणीवर त्याला विचारण्यात आले. पगार भरपूर मिळाला तरी गुलाम तो गुलामच, असे त्याने उत्तर दिले. आपल्याकडचा शेतकरी म्हणाला असता, वेसण सोन्याची केली म्हणून बैलाचे नाक दुखायचे राहत नाही.

खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते: खटला बहुधा हराल, जिंकलात तरी तुम्हांला फायदा नाही, आणि बेसबॉलमध्ये पुन्हा कोणी उभे करणार नाही. इतर खेळाडूंचे भले होईल का, एवढेच फ्लडने विचारले. होईल, असे उत्तर मिळताच त्याने जानेवारी १९७० मध्ये दावा ठोकला.

फेब्रुवारी आला. त्याचे जुने सोबती सेंट पीटर्सबर्गला जमले, नवा संघ क्लिअरवॉटरला. फ्लॉरिडातली ही दोन शेजारशेजारची गावे. पण फ्लड दोन्हीकडे नव्हता. लाखाच्या घरातला पगार त्याने सोडला. मालकांनी त्याच्या जागी दुसरा तरुण खेळाडू देऊन व्यवहार पुरा केला. दुकानदार फुटका नग बदलून देतो तसा. मे महिन्यात न्यूयॉर्कला सुनावणी झाली तेव्हा जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त थोर खेळाडू साक्षीला आले. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र न्यायालयात फिरकला नाही. सगळ्यांना आपापल्या मालकांचे भय होते.

१९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून फ्लड पुन्हा उतरला, पण हात-पाय आणि मन यांचा मेळ बसेना. तेरा सामन्यांत त्याने मैदान सोडले. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याचा दावा फेटाळला. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे, असे न्यायमूर्तींनीच म्हटले. पण ती दूर करणे संसदेचे काम, असे सांगून हात झटकले. फ्लड परदेशी गेला, मद्याच्या आहारी गेला, मोठ्या कष्टाने सावरला.

पण खटल्याने लोकांचे डोळे उघडले होते. २३ डिसेंबर १९७५ रोजी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला, की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी लवादाला तत्काळ काढून टाकले. पण दावे सुटले ते सुटलेच. खेळाडू मोकळे झाले, पगार आकाशाला भिडले. आंबा लावला एकाने, फळे खाल्ली इतरांनी. फ्लड २० जानेवारी १९९७ रोजी वारला. दुसऱ्या वर्षी अमेरिकन संसदेने खेळाडूंपुरती ती सूट काढून घेणारा कायदा केला आणि त्याला फ्लडचे नाव दिले.

हे सारे मी नातीला सांगितले. तिने विचारले, "म्हणजे तो हरलाच ना?"

न्यायालयात हरला खरा. पण १९७३ पासून बेसबॉलमध्ये एक नियम आहे. ज्याची दहा वर्षे झाली आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात गेली, त्याला त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे देता येत नाही. फ्लडची तर बारा वर्षे झाली होती. तो नियम तेव्हा असता, तर त्या पहाटे फोन करणाऱ्या माणसाला निरोप सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा लागला असता: तुम्ही जाल का?