सार्वजनिक कायदा आणि व्यापारी कायदा : विद्यार्थ्यांसाठी दोन्ही क्षेत्रांची ओळख

विधी शाखेचे, वाणिज्य शाखेचे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सार्वजनिक कायदा व व्यापारी कायदा हे विषय दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकतात. एका पुस्तकात राज्यघटना, मूलभूत हक्क आणि रिट याचिका असतात. दुसऱ्यात करार, भागीदारी, धनादेश आणि कंपनी. परीक्षेपुरती ही विभागणी सोयीची असते. प्रत्यक्षात मात्र एकच घटना अनेकदा दोन्ही क्षेत्रांत पोहोचते. गोव्यातील विद्यार्थ्याला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. हा निवाडा सार्वजनिक कायद्याचा होता. परंतु त्याचे पडसाद खाणपट्ट्यातील ट्रकमालकांच्या कर्जहप्त्यांवर, बार्जमालकांच्या वाहतूक करारांवर आणि जामीनदारांच्या सह्यांवर उमटले. हे सारे प्रश्न व्यापारी कायद्याचे. म्हणूनच या दोन क्षेत्रांचा परस्परसंबंध समजून घेणे आवश्यक ठरते.

समोर कोण आहे?

कोणतीही कायदेशीर समस्या हाती आली की प्रथम दोन प्रश्न विचारावेत : दोन्ही बाजूंना कोण आहे, आणि ते कोणत्या भूमिकेत उभे आहे? एका बाजूला सत्ता राबवणारे सरकार, पालिका, पंचायत किंवा शासकीय मंडळ आणि दुसऱ्या बाजूला नागरिक असेल, तर विषय बहुधा सार्वजनिक कायद्याचा असतो. दोन्ही बाजू एकाच पातळीवर देवघेव करत असतील, तर तो व्यापारी किंवा खासगी कायद्याचा होतो. पंचायतीने दुकानाचा परवाना रद्द केला, हा पहिला प्रकार. त्याच दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याने निकृष्ट माल पुरवला, हा दुसरा. गुंतागुंत निर्माण होते ती सरकारच ग्राहक, कंत्राटदाता किंवा पट्टेदाता म्हणून व्यवहारात उतरते तेव्हा.

सार्वजनिक कायद्याचे आधार

सार्वजनिक कायद्याचा पाया राज्यघटना आहे. अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या संज्ञेची व्याप्ती सांगितली आहे. मूलभूत हक्क प्रामुख्याने या ‘राज्या’विरुद्ध मागता येतात. अनुच्छेद १४ समानतेची हमी देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या रोयप्पा आणि १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात याच अनुच्छेदाचा अर्थ विस्तारून, मनमानी ही समानतेची वैरी असल्याचे तत्त्व रुजवले. अनुच्छेद १९(१)(जी) व्यवसाय व व्यापाराचे स्वातंत्र्य देतो. मात्र १९(६) नुसार सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. मालमत्तेचा हक्क आज मूलभूत हक्क नाही, तरीही अनुच्छेद ३००अ नुसार कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही.

दुसरा आधार नैसर्गिक न्यायाचा. ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा आहे त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि निर्णय घेणारा त्या प्रकरणात स्वतः हितसंबंधी असता कामा नये, ही त्याची दोन मुख्य सूत्रे. वरील उदाहरणातील पंचायतीने नोटीस न देता परवाना रद्द केला असेल, तर दुकानदाराची बाजू गुणवत्तेवर कमकुवत असली तरी तो आदेश टिकणे कठीण.

तिसरा आधार दाद मागण्याच्या मार्गाचा. मूलभूत हक्कांसाठी अनुच्छेद ३२ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयाचे रिट अधिकार त्याहून व्यापक आहेत, कारण ते मूलभूत हक्कांखेरीज अन्य कायदेशीर हक्कांसाठीही वापरता येतात. गोव्यापुरते हे दार पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे. रिट याचिकेत न्यायालय सर्वसाधारणपणे निर्णयाची वैधता आणि निर्णयप्रक्रिया तपासते. सरकारच्या जागी बसून धोरण ठरवत नाही.

व्यापारी कायद्याचा प्रारंभ कराराने

व्यापारी कायद्याच्या केंद्रस्थानी १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, मुक्त संमती, करार करण्याची पात्रता आणि वैध उद्देश यांची पूर्तता झाली की करार न्यायालयात बंधनकारक ठरतो. अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार मुळातच शून्य असतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी प्रकरणात प्रस्थापित केले.

या पायावर उर्वरित कायदे उभे आहेत. मालविक्रीसाठी १९३० चा, भागीदारीसाठी १९३२ चा, तर कंपन्यांसाठी २०१३ चा कायदा आहे. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराच्या आधारे त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही, हे अनेक लहान व्यावसायिकांना पैसे थकल्यावरच कळते. भागीदाराची जबाबदारी त्याच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोहोचते. कंपनी मात्र तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, हे तत्त्व इंग्लंडमधील १८९७ च्या सालोमन प्रकरणापासून मान्य आहे.

धनादेश न वटल्यास १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागू होते. येथे मुदती पाठ असणे महत्त्वाचे. बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यानंतरच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. व्यावसायिक न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्यानुसार दाव्याच्या मूल्याची मर्यादा आरंभी एक कोटी रुपये होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती तीन लाखांवर आली. तातडीचा दिलासा नको असल्यास अशा दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अनिवार्य आहे.

सरकार करार करते तेव्हा

सरकारशी होणाऱ्या करारात दोन्ही क्षेत्रे एकत्र येतात. अनुच्छेद २९९ नुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावे व्यक्त झालेला आणि अधिकृत व्यक्तीने केलेला असावा लागतो. ही औपचारिकता पाळली नाही तर करार सरकारवर बंधनकारक ठरत नाही. मग काम पूर्ण केलेल्या कंत्राटदाराने काय करावे? पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. करार अवैध असला तरी, फुकट करण्याचा हेतू नसलेले काम सरकारने स्वीकारून त्याचा लाभ घेतला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७० नुसार मोबदला द्यावा लागतो. घटनेने बंद केलेला मार्ग अशा रीतीने व्यापारी कायद्याने अंशतः उघडला.

उलट दिशेचे उदाहरण १९७९ च्या रमणा शेट्टी प्रकरणाचे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत प्राधिकरणाने अनुभवाची अट घातली आणि ती पूर्ण न करणाऱ्यालाच काम दिले. खासगी मालकाला आपले कंत्राट मर्जीतल्या माणसाला देता येते. शासकीय संस्थेला स्वतःच जाहीर केलेल्या निकषांपासून मनमानीपणे दूर जाता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही विलंब व अन्य परिस्थिती लक्षात घेऊन याचिकाकर्त्याला दिलासा नाकारला. तत्त्व जिंकणे आणि खटला जिंकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या निवाड्यातून शिकता येते.

खाणपट्ट्यांचा धडा

पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाण सवलती १९८७ च्या केंद्रीय कायद्याने रद्द झाल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानले गेले. २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी आणि पहिल्या नूतनीकरणाची कमाल मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती; त्यामुळे पुढील उत्खनन बेकायदेशीर होते. त्यानंतर राज्य सरकारने केलेले दुसरे नूतनीकरण २०१८ मध्ये रद्द झाले आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबले. खनिज ही जनतेची संपत्ती आहे, तिचे वाटप करताना सरकार विश्वस्त असते, ही यामागील सार्वजनिक कायद्याची भूमिका.

आता व्यापारी कायद्याकडे वळावे. विशिष्ट खाणीतील खनिज जेटीपर्यंत नेण्याचा करार एखाद्या ट्रकमालकाने केला होता असे समजू. उत्खननच बेकायदेशीर ठरल्यावर उर्वरित काम पार पाडणे अशक्य होते, आणि करार कायद्याच्या कलम ५६ नुसार असा करार शून्य होऊ शकतो. त्यापोटी आगाऊ रक्कम घेतली असल्यास कलम ६५ नुसार ती परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. ‘अशक्य’ या शब्दाचा अर्थ केवळ भौतिक अशक्यता नव्हे, हे १९५४ च्या सत्यव्रत घोष प्रकरणात स्पष्ट झाले आहे.

त्याच ट्रकमालकाने ट्रकसाठी घेतलेले कर्ज मात्र शून्य होत नाही. त्याचे उत्पन्न बुडाले, तरी पैसे परत करणे कायद्याच्या दृष्टीने अशक्य झालेले नसते. कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, वेगळे ठरले नसल्यास, मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणून शेजारधर्माने सही करणारा नातेवाईकही त्याच रकमेला बांधला जातो. दिलासा मिळालाच तर तो कर्जाच्या पुनर्रचनेतून किंवा सरकारी योजनेतून; करार कायद्याचा हक्क म्हणून नव्हे. एकाच घरातील दोन कागदांचे भवितव्य असे भिन्न असते.

गोव्याची वेगळी चौकट

१९६२ च्या प्रशासन कायद्याने मुक्तीपूर्व कायदे, बदल किंवा रद्द होईपर्यंत, चालू ठेवले. त्यामुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी आजही महत्त्वाच्या आहेत. हा आता भारतीय कायद्याचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या कुतिन्हो प्रकरणात म्हटले आहे. विवाहावेळी वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीस दोघांची संमती लागते. व्यवसायासाठी घर विकताना किंवा भागीदारीत जमीन आणताना व्यापारी कायद्याच्या विद्यार्थ्याने ही बाब विसरू नये.

अभ्यास कसा करावा?

प्रश्न सोडवताना पाच पायऱ्या उपयुक्त ठरतात : पक्षकार व त्यांची भूमिका ओळखणे; हक्काचा उगम घटनेत, अधिनियमात की करारात आहे हे ठरवणे; मुदत तपासणे; योग्य न्यायपीठ निवडणे; आणि मिळू शकणारा दिलासा निश्चित करणे. निवाडे वाचताना केवळ निष्कर्ष न टिपता तथ्ये आणि कारणमीमांसाही लिहून काढावी. अधिनियमांत दुरुस्त्या होत असल्याने मूळ कलमाचा अद्ययावत पाठ जवळ ठेवावा. या पायऱ्यांचा सराव कर्जाचा करारनामा, पंचायतीची नोटीस, निविदेची जाहिरात किंवा भाडेपट्टा यांसारख्या घरात येणाऱ्या कागदांवर करता येतो. त्या कागदावर सही होण्यापूर्वीच जो विद्यार्थी हे प्रश्न विचारतो, त्याच्या अभ्यासाचा उपयोग परीक्षेपूर्वीच घरच्यांना होतो.