नागासाकीचे गुप्त ख्रिस्ती: धर्मगुरूंवाचून टिकलेली श्रद्धा

जपानमध्ये लपूनछपून सेवाकार्य करणारे अखेरचे धर्मगुरू कोनिशी मान्सियो यांना इ. स. १६४४ मध्ये मृत्युदंड देण्यात आला आणि तेव्हापासून १८६५ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षे, नागासाकी परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनी धर्मगुरू, चर्च आणि उघड उपासना यांच्यावाचून आपला धर्म सांभाळला. राजे आणि राजसत्ता परमेश्वराच्या अनुमतीने व त्याने ठरवलेल्या मुदतीपुरत्याच नांदतात, या शिकवणीला ख्रिस्ती धर्मशास्त्रात परमेश्वराचे सार्वभौमत्व असे म्हणतात. नागासाकीच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी या शिकवणीवर ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांच्याकडे ती दिनदर्शिका, बाप्तिस्मा आणि प्रार्थना यांच्या नित्य व्यवहारात उतरली.

या धर्माचा जपानशी संबंध गोव्यामार्गे जुळला. १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आंजिरो या जपानी गृहस्थासह संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमा बंदरात उतरले आणि पुढील चार दशकांत क्यूशू बेटावरील काही सरंजामदारांसह मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले. त्यांपैकी एका सरंजामदाराने १५८० मध्ये नागासाकी बंदराचा कारभार येशूसंघ या धर्मसंघाकडे सोपवला. देश एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला ही गोष्ट खुपणे स्वाभाविक होते, कारण मालकावरील निष्ठेवर उभ्या असलेल्या त्या समाजव्यवस्थेत मालकाहून श्रेष्ठ असा एक धनी मानणारी प्रजा त्याला धोक्याची वाटत होती. १५८७ मध्ये त्याने परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम दिला, परंतु पोर्तुगीज व्यापार हवा असल्याने त्याची अंमलबजावणी सैल राहिली.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरील मालाच्या जप्तीवरून उद्भवलेल्या वादात, धर्मप्रसारक हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला. त्यानंतर पकडलेल्यांमध्ये वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया होते. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक होती. येशूसंघीयांसोबत तरुणपणीच जपानला गेलेले गोन्सालो पुढे व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषे म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ सामान्य श्रद्धावंत होते. आज वसईतील गास गावचे चर्च गोन्सालोंच्या नावाने आहे.

खरी कसोटी मात्र तोकुगावा राजवटीत लागली. १६१४ च्या हुकुमाने हा धर्म देशभर निषिद्ध ठरला. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नोंद करणे सक्तीचे झाले, खबर देणाऱ्यास चांदीचे इनाम जाहीर करणारे फलक लागले, आणि नागासाकीत दरवर्षी फुमिए या परीक्षेतून, म्हणजे ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवण्यातून, लोकांना जावे लागू लागले. जाचक करवसुली व छळ यांनी पेटलेले शिमाबाराचे बंड १६३८ मध्ये चिरडले गेले, तेव्हा हारा किल्ल्यातील हजारो स्त्री-पुरुषांची कत्तल झाली आणि शस्त्राने मार्ग काढण्याची शक्यता संपली.

उरलेल्यांनी जी व्यवस्था उभारली, तिच्यात पदे मोजकी आणि कामे नेमकी होती. उराकामी खेड्यात एक जण दिनदर्शिका सांभाळून सणांचे व उपवासांचे दिवस ठरवी, दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई आणि तिसरा हे दिवस घरोघर कळवी. धर्मगुरू नसताना कोणाही ख्रिस्ती व्यक्तीने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य असतो, या नियमामुळे हे शक्य झाले. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नव्हते, म्हणून मनःपूर्वक पश्चात्तापाची प्रार्थना त्याची जागा घेई आणि प्रतिमा तुडवून घरी परतलेले अनेक जण हीच प्रार्थना म्हणत. नमते घेणे आणि श्रद्धा राखणे यांतील हा ताण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वागवावा लागला. सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, असे बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाचे भाकीत त्यांच्यात सांगितले जाई. छळाला अंत आहे, हा विश्वास त्यातून मुलांपर्यंत पोहोचत राहिला.

जपानची बंदरे परकीयांना खुली झाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे चर्च बांधले आणि १८६२ मध्ये संत घोषित झालेल्या गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना ते समर्पित केले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही लोक तेथे आले आणि आपण त्याच धर्माचे असल्याचे त्यांनी फादर पेतीजां यांना सांगितले. दुःखाच्या काळाचा, म्हणजे पुनरुत्थान सणापूर्वीच्या उपवासकाळाचा, तो सतरावा दिवस आहे, असेही ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला आला होता, त्यामुळे त्यांचा हिशेब रोमच्या हिशेबाशी तंतोतंत जुळत होता.

या भेटीने छळ संपला नाही. १८६७ मध्ये उराकामीत धरपकड झाली, नव्या मेइजी सरकारने तेथील सुमारे ३,४०० लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले आणि त्यांतील ६०० हून अधिक जण परतले नाहीत. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दबावामुळे १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. मनाई उठल्यानंतरही काही कुटुंबे कॅथलिक चर्चमध्ये न येता पूर्वजांच्याच रीतीने उपासना करत राहिली. त्यामुळे या इतिहासाकडे केवळ श्रद्धेच्या विजयाची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरते, कारण बंदी उठण्यात परराष्ट्रनीतीचा वाटा होता आणि निष्ठावंतांच्या अनेक पिढ्या सुटका न पाहताच मरून गेल्या. मात्र परमेश्वराच्या सत्तेवरील विश्वासाचा अर्थ त्यांनी आपल्या हयातीतील सुटकेची हमी असा घेतला नव्हता. राजसत्तेची मुदत ठरवणे आपल्या हाती नाही, पण या वर्षीचा उपवासकाळ कधी सुरू होतो हे मोजणे आपल्या हाती आहे, एवढी स्पष्ट विभागणी त्यांच्या आचरणात दिसते आणि धर्मगुरूंवाचून हा समाज टिकण्याचे मुख्य कारण तीच होती.