जुन्या फियाटचा विमा: थोडा इतिहास, थोडा हिशेब



आपल्यापैकी बऱ्याच घरांत सासऱ्यांची किंवा आजेसासऱ्यांची एखादी जुनी गाडी अजून उभी आहे. तिच्यावर कापड घातलेले असते, दिवाळीला आणि पर्युषणात ती पुसली जाते, आणि वर्षातून एकदा विम्याचा कागद आला की घरात चर्चा सुरू होते. "एवढे पैसे कशाला? विकून टाका."

आमच्याकडे मामंजींनी घेतलेली १९६७ ची फियाट ११०० आहे. आम्हा सोलापूरकरांना या गाडीचा थोडा जास्तच लळा. प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली ती वालचंद हिराचंद यांनी, सोलापूरच्या जैन कुटुंबातल्या माणसाने. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, नंतर फियाट आली. १९७४ च्या सुमारास तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

घरात बी.कॉम. मीच, म्हणून विम्याचे काम माझ्याकडे. यंदा पुतण्याने सुचवले, "काकू, गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवा. विमा अर्ध्यावर येईल." अर्ध्यावर म्हटल्यावर माझे कान टवकारले. पण हो म्हणण्याआधी हा विमा आला कुठून आणि आपण नेमके कशाचे पैसे भरतो, हे समजून घ्यायचे ठरवले.

आपल्याकडे मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी होती, परवाना होता, पण विम्याची सक्ती नव्हती. मोटारीखाली कुणी सापडले आणि मालकाकडे पैसे नसले, तर त्या घराच्या हाती काही लागत नसे. इंग्लंडने १९३० च्या कायद्याने विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, आणि त्यातले विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. आजचा कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. गाडी ऐंशी वर्षांची असो, पेट्रोल भरायला कोपऱ्यापर्यंतच न्यायची असो, सूट नाही. विम्याशिवाय सापडल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणजे या विम्याचा आपल्या गाडीशी तसा संबंधच नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. आपण पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारी माणसे. जुन्या गाडीचे ब्रेक जुनेच असतात, आणि चालवणाराही आता सत्तरीचा. हा खर्च मला कधी जड वाटला नाही तो याच कारणाने.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा: चोरी, आग, अपघात. याचा इतिहास वेगळा आहे. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर ठरलेल्या पत्रकाप्रमाणे असत, त्यामुळे चार ठिकाणी विचारून फायदा नव्हता. २००२ च्या दरपत्रकात गाडीची किंमत घसाऱ्याने ठरवण्याचा तक्ता आला: सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, आणि वाढत वाढत पाचव्या वर्षी पन्नास टक्के. पाच वर्षांपुढे तक्ता संपतो. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी एकमेकांच्या संमतीने ठरवायची.

त्याच पत्रकात व्हिंटेज गाडीची व्याख्या होती: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसे प्रमाणपत्र दिलेली. अशा गाडीला हप्त्यात सूट होती. आमची फियाट मधल्या मधे लटकली. तक्त्यासाठी फार म्हातारी, सवलतीसाठी फार तरुण. तिच्यासारख्या साऱ्या गाड्या कागदावर नुसत्या "जुन्या" राहिल्या.

दोन बदलांनी हे चित्र पालटले. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी नियमानेच ठरत राहिला. मग जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली, खाजगी दुचाकी किंवा चारचाकी आता व्हिंटेज ठरू शकते. तिला "व्हीए" अक्षरांचा क्रमांक मिळतो. पहिल्या पद्मिनीही आता या वयाला पोचल्या आहेत.

आता हिशेब. जून २०२२ पासूनच्या दराने हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये. आमची फियाट १०८९ सीसी, म्हणून याच गटात. व्हिंटेज नोंदणी असेल तर पन्नास टक्के सूट, म्हणजे १,७०८ रुपये वाचले. अठरा टक्के जीएसटी धरून वर्षाला २,०१५. पण व्हिंटेज नोंदणीची फी आहे २०,००० रुपये, आणि ती दहा वर्षे चालते. दहा वर्षांत वाचणार २०,१५४. म्हणजे आज वीस हजार मोजायचे आणि दहा वर्षांनी दीडशे रुपये नफा. बँकेतल्या व्याजाचा विचार केला तर तोटाच.

दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीचा हप्ता ७,८९७ आहे, तिथे हे गणित मालकाच्या बाजूने झुकते. कुणाकडे जुनी मोठी अमेरिकन गाडी असेल, आणि ती फक्त रॅलीला किंवा प्रदर्शनाला बाहेर पडत असेल, तर जरूर नोंदवा. पण अट लक्षात ठेवा. व्हीए क्रमांकाची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आमचे हे दर रविवारी फियाटने मंदिरात जातात. दशलक्षणात दहाही दिवस शेजारच्या दोन आजी मागच्या सीटवर असतात. व्हिंटेज केली असती तर हे सारे बंद झाले असते. म्हणून आम्ही नोंदणी साधीच ठेवली.

मग बचत कुठे? थर्ड पार्टीत घासाघीस नाही, हे कळले की शोध सोपा होतो. स्वतःच्या नुकसानीचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा. एका कंपनीने गाडीचे वय ऐकूनच पूर्ण विमा नाकारला, तिसरीने तपासणी करून दिला. सुटे भाग बसवल्याच्या पावत्या, चारही बाजूंचे फोटो आणि मूल्यमापकाचा दाखला जवळ ठेवा, कारण किंमत संमतीने ठरते आणि संमतीला पुरावा लागतो. किंमत हौसेने फुगवू नका, हप्ता तिच्यावरच बसतो. फारच कमीही लावू नका, गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळतील.

मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत असेल, तर इथे परत घेऊ नका. गाडी महिनोन्महिने बंद राहणार असेल, तर "लेड अप" तरतुदीबद्दल विचारा. लग्नाच्या वरातीला भाड्याने मात्र देऊ नका. खाजगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, आणि अपघात झाला तर हात वर होतात.

आणि तारीख चुकवू नका. खंड पडला की गाडीची पुन्हा तपासणी होते, आणि नव्वद दिवस उलटले की दावा न केल्याची साठवलेली सवलतही जाते. मी आमची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणांबरोबर लाल पेनाने लिहून ठेवते. तुमच्याकडे कुठली गाडी आहे, किती सीसीची, आणि ती चालते की नुसती उभी असते, ते बघा आणि हाच हिशेब तिला लावून पाहा.